नुस्ते खाणारे शूर, रांधणार कोण?

आम्ही गोमंतकीय पुरुष नुस्त्यावर तासभर बोलू शकतो. इसवणाची तुकडी केवढी जाड हवी, हॉटेलातल्या हुमणात काय कमी पडते, याविषयी आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत जी चर्चा झडते, तशी विधानसभेतही झडत नसेल! पण स्वतः बांगडा कितीजणांनी तळला आहे, असे विचारले की सगळे आपापल्या डब्यात बघू लागतात. मग ठरलेले उत्तर येते, "तो हातगुण असतो हो. आमच्या आईकडे होता."

या हातगुणाच्या गोष्टीचा मला राग येतो. वरून तो आईचा गौरव दिसतो, आतून ती आपली सुटका असते. आई वर्षानुवर्षे रगड्यापुढे बसली म्हणून तिच्या हाताला अंदाज आला. त्या कष्टांना दैवी देणगी म्हटले की आपल्याला शिकायला नको, आणि तिला व तिच्यामागून सुनेला सुट्टी नको!

मी चाळिशी उलटल्यावर शिकलो, तेही भीत भीत. नवख्याला भीती तीन गोष्टींची असते. शिळे नुस्ते गळ्यात पडेल, कच्चे राहील, नाहीतर तव्यावर मोडेल. तिन्हींवर उपाय साधे आहेत. डोळे स्वच्छ, कल्ले लाल आणि बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येते, ते नुस्ते ताजे. मांस पांढरे होऊन काट्यापासून सहज सुटू लागले की शिजले. आणि बांगडा मोडतो तो आपल्या घाईने. खालची बाजू खरपूस झाली की तो तव्यावरून आपणच सुटतो. तोवर कालथा खाली ठेवावा.

हुमणाचे तरी काय मोठे गूढ आहे? अर्धा नारळ, सात-आठ सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, थोडी हळद आणि चिंचेचा लहान गोळा मिक्सरवर गुळगुळीत वाटावा. पाणी, मीठ घालून उकळी आणावी. बी काढून ठेचलेली पाच-सहा तिरफळे आणि चार बांगड्यांचे तुकडे सोडावेत. डाव न घालता भांडेच धरून हलवावे. मंद आचेवर सात-आठ मिनिटांत हुमण तयार. ना फोडणी, ना परतणे. ज्यांना यातही आले-लसणाची पेस्ट आणि गरम मसाला लागतो, त्यांनी खुशाल घालावा. फक्त त्याला हुमण म्हणू नये.

काहीजण म्हणतील, बायको स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नाही. का देत नाही ते तिला विचारा. आपण हौसेने तळायचे आणि तेलकट ओटा, खवले भरलेले सिंक तिने धुवायचे, अशी वाटणी असेल तर कोण देईल? साफसफाईसकट रांधले तरच ते रांधणे.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांसाठी खारे बांगडे, सुकी सुंगटे साठवणारी आणि त्यांची किसमूर करणारी माणसे घरोघरी म्हातारी होत चालली आहेत. त्यांच्याकडून आज कोणी शिकले नाही, तर उद्या आपली चव फिशथाळीच्या दरफलकावर तेवढी उरेल. संस्कृतीरक्षणाची भाषणे आपण पुष्कळ ऐकली, काहींनी दिलीही. ती देणाऱ्यांनी एकदा वाटण करून दाखवावे!

सोमवारी, गुरुवारी शिवराक असेल तर मंगळवार धरा. पहिल्या दिवसाला चार बांगडे पुरेत.