बर्फाची दरी आणि पाठीचे दुखणे : एका पुराव्याचा प्रवास

गेली काही वर्षे ‘व्हीआर लावा आणि जुनाट दुखणे विसरा’ अशा अर्थाच्या बातम्या अधूनमधून फिरत असतात. त्यांतील दावा खोटा नाही, पण त्याला जो इतिहास जोडला जातो तो चुकीच्या घराण्याचा आहे. हा धागा त्या वंशावळीविषयी आहे.

बातमीत सांगितली जाणारी गोष्ट अशी. अमेरिकेतील सिॲटल शहरात हार्बरव्ह्यू नावाचे रुग्णालय आहे आणि तेथे भाजलेल्या रुग्णांचा मोठा विभाग आहे. भाजलेल्या माणसाची जखम पुनःपुन्हा धुवावी लागते, मृत त्वचा काढावी लागते, पट्टी बदलावी लागते. अफूपासून बनवलेली प्रबळ वेदनाशामके देऊनही त्या अर्ध्या-पाऊण तासात रुग्ण अक्षरशः किंचाळतात. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी या वेळेपुरते रुग्णाच्या डोळ्यांवर आभासी वास्तवाचे हेडसेट चढवून पाहिले. आरंभी त्यांच्याकडे वेदनेसाठी रचलेले जगच नव्हते. कोळ्यांची भीती घालवण्यासाठी बनवलेले एक आभासी स्वयंपाकघर होते, तेच वापरले गेले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात रुग्ण होते दोन, दोघेही किशोरवयीन. साध्या व्हिडिओ गेमपेक्षा या आभासी जगात त्यांना वेदना बरीच कमी जाणवली.

पुढे ‘स्नोवर्ल्ड’ तयार झाले. त्यात निळसर बर्फाची दरी आहे आणि दरीत हिममानव, पेंग्विन आणि लोकरी मॅमथ आहेत. रुग्णाचे काम एकच, त्यांच्यावर बर्फाचे गोळे फेकायचे. आगीत होरपळलेल्या माणसाला बर्फात नेण्याची ही कल्पना मनोहर आहे, हे मान्यच करावे लागेल. २००४ साली निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूचे चित्रण करून असेही दाखवण्यात आले की, या दरीत असताना वेदनेशी संबंधित भागांतील हालचाल लक्षणीय घटते. माणसाचे अवधान मर्यादित असते. ते बर्फात गुंतले की वेदनेच्या वाट्याला थोडे येते.

येथपर्यंत सर्व ठीक. पण हे प्रयोग कोणावर झाले? ताजी, तीव्र, काही मिनिटे टिकणारी वेदना असलेल्यांवर. दहा वर्षे कंबर धरून बसलेला माणूस त्यांत नव्हता. तो दिवसभर बर्फाचे गोळे फेकू शकत नाही. हेडसेट उतरवले की त्याचे दुखणे तेथेच बसलेले असते. तरीही स्नोवर्ल्डचे आकडे सर्रास त्याच्यासाठी पुरावा म्हणून मांडले जातात.

इतिहासाच्या वर्गात पहिल्या महिन्यातच शिकवतात की साधन कोणाविषयी बोलते ते आधी पाहा. वेदनेच्या क्षेत्रात हा नियम मोडल्याची किंमत अमेरिकेने चुकवलेली आहे, आणि ती इतकी मोठी आहे की तिचा उल्लेख टाळून या विषयावर लिहिणे मला अप्रामाणिक वाटते.

१० जानेवारी १९८० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शल जिक यांचे जेमतेम एका परिच्छेदाचे पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्यांत, केवळ चौघांना व्यसन जडल्याची नोंद आढळली, एवढेच त्यात म्हटले होते. रुग्णालयात, देखरेखीखाली, मोजके दिवस, ही चौकट पुढच्या लेखकांनी गाळली आणि ‘अफूवर्गीय औषधांनी व्यसन क्वचितच लागते’ एवढे वाक्य उचलले. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले. जुनाट पाठदुखीसाठी महिनोन्महिने गोळ्या लिहून दिल्या जाऊ लागल्या. २०१७ साली संशोधकांनी मोजदाद केली तेव्हा या पत्राचे ६०८ संदर्भ सापडले, आणि त्यांतील सुमारे ८० टक्के लेखकांनी हे रुग्ण रुग्णालयातील होते हे सांगितलेलेच नव्हते. नियतकालिकाला अखेर त्या पत्राच्या माथ्यावर सावधगिरीची टीप लावावी लागली. २०२१ साली अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने बारा महिन्यांत दगावणाऱ्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली होती. या संकटाला कारणे अनेक आहेत, आणि सगळा दोष एका पत्राच्या माथी मारणे हाही आळशी इतिहास होईल. तरी तीव्र वेदनेचा पुरावा जुनाट वेदनेला चिकटवण्याची ती वाट येथूनच गेली.

हेडसेटने कोणी मरणार नाही, हे उघड आहे. पण त्याच्या नावाने उसना पुरावा पुढे केला, तर ज्याला गुण येणार नाही त्याला शेवटी ऐकावे लागेल ते हेच : ‘बर्फ पाहूनसुद्धा थांबत नाही? मग तुमचे दुखणे मनाचेच.’ जुनाट दुखण्याच्या रुग्णाने हे वाक्य आयुष्यभर ऐकलेले असते.

आता खरी वंशावळ. गंमत अशी की तीही सिॲटलमधूनच जाते, फक्त दुसऱ्या दाराने.

जॉन बोनिका हा इटलीतून आलेला मुलगा. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी तो मुखवटा घालून कुस्त्या लढत असे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना त्याला असे जखमी भेटले, ज्यांच्या जखमा भरल्या पण वेदना गेली नाही. कुस्तीतील दुखापतींमुळे त्याचे स्वतःचे शरीरही कायम दुखत असे. १९५३ साली त्याने वेदनेच्या व्यवस्थापनावर प्रचंड ग्रंथ लिहिला आणि पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात, म्हणजे सिॲटललाच, अनेक शाखांच्या वैद्यांनी एकत्र बसून एका रुग्णाचा विचार करायचा, असे वेदना-चिकित्सालय उभारले.

त्याच विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस हा मानसशास्त्रज्ञ होता. त्याच्या पद्धतीतील दोन गोष्टी मला विलक्षण वाटतात. पहिली, औषध दुखल्यावर द्यायचे नाही, घड्याळाच्या काट्यावर द्यायचे, म्हणजे दुखणे आणि बक्षीस यांची गाठ सुटते. दुसरी, व्यायाम दुखेपर्यंत करायचा नाही, ठरलेल्या संख्येपर्यंत करायचा आणि ती संख्या हळूहळू वाढवायची. वेदना शून्यावर आणण्याचा दावा नव्हता. वेदनेसह जगण्याचा पुन्हा सराव होता. दरम्यान १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्त मांडला होता. मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशासाठी जणू एक फाटक असते आणि ते किती उघडायचे यात वरून मेंदूचेही म्हणणे असते, हा त्याचा गाभा. मन आणि शरीर यांची वाटणी तेथे मोडली. आपल्या शब्दात ती तशी कधी नव्हतीच म्हणा : ‘वेदना’ हा शब्द जाणणे या अर्थाच्या ‘विद्’ धातूपासून आला आहे, आणि बौद्ध परिभाषेत सुखद वेदनाही असते.

१६ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुनाट कंबरदुखीसाठी ‘इझव्हीआरएक्स’ या व्हीआर उपकरणाला परवानगी दिली, तेव्हा त्यात बर्फाचे गोळे नव्हते. घरी बसून आठ आठवड्यांत ५६ सत्रे, प्रत्येक २ ते १६ मिनिटांचे. श्वास हेडसेटच्या मायक्रोफोनकडे वळवणारी एक जोडणी, दीर्घ श्वसन, अवधान हलवण्याचा सराव, वेदना म्हणजे काय याचे शिक्षण. हा बोनिका-फोर्डाइस परंपरेचा नातू आहे. १७९ जणांच्या चाचणीत उपचाराअखेर ६६ टक्के लोकांनी वेदना ३० टक्क्यांहून अधिक घटल्याचे सांगितले. तुलना गटाला तसेच हेडसेट देऊन साधी सपाट दृश्ये दाखवली होती. त्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. सुमारे दहापैकी एकाला मळमळ किंवा चक्कर यांचा त्रास झाला, पाचांतील एकाला हेडसेटच टोचले.

६६ विरुद्ध ४१. मला हा आकडा निराशाजनक वाटत नाही, उलट विश्वासार्ह वाटतो. फरक खरा आहे आणि माफक आहे. सपाट दृश्ये पाहणाऱ्या ४१ टक्क्यांनाही हलके वाटले, यात रोज थोडा वेळ कोणीतरी आपल्या दुखण्याची दखल घेते आहे या भावनेचा वाटा असणार, असा माझा अंदाज आहे.

म्हणूनच या उपकरणाच्या बाजूने असूनही एक आक्षेप नोंदवतो. बोनिकाच्या धर्तीवरची चिकित्सालये अमेरिकेत एकेकाळी शेकड्यांनी होती. त्यांतली बहुतेक औषध निकामी ठरले म्हणून बंद पडली नाहीत. वैद्य, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट यांच्या एकत्रित वेळेचे पैसे देणे विमा कंपन्यांना परवडेनासे वाटले, गोळी स्वस्त होती. आता त्या चिकित्सालयातील जे काही पेटीत मावते ते पेटीत घालून घरी पाठवले जात आहे. श्वसनाचा धडा मावतो. व्यायामाची संख्या उद्या दोनने वाढवायची की आज तशीच ठेवायची, हे रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवणारा माणूस मावत नाही. व्हीआरची बातमी वाचताना पेटीची किंमत छापलेली दिसते. त्या माणसाचा पगार कोण देणार, हे मी अजून कोठे छापलेले पाहिलेले नाही.