गाण्याची वर्गणी आणि तिचा हिशेब

गाणे ऐकण्यासाठी दरमहा पैसे भरावेत की न भरावेत, हा प्रश्न वरवर पाहता खाजगी आणि काहीसा चैनीचा वाटतो. ज्या तालुक्यात बेमोसमी पावसाच्या एका रात्रीत द्राक्षबागेचे वर्षाचे उत्पन्न मातीमोल होते आणि भाव पडला म्हणजे टोमॅटो रस्त्याकडेला ओतून द्यावा लागतो, त्या दिंडोरीत हा प्रश्न काढणेच अप्रस्तुत, असेही कोणी म्हणेल. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि गाणे ऐकण्याची सारी रीतच खेड्यापाड्यांतून पालटली. पेठ-सुरगाण्याकडून बागांच्या कामाला येणाऱ्या मजुराच्या खिशात, वणीच्या वाटेवर निघालेल्या पदयात्रेत, रात्री मोटार चालू करायला गेलेल्या शेतकऱ्याच्या हातात जे गाणे वाजते, ते आता क्वचितच आकाशवाणीचे किंवा कॅसेटवरचे असते. ते कोठल्या तरी दूरच्या कंपनीच्या भांडारातून येते. आणि ती कंपनी मधूनमधून विचारते की, पैसे भरता काय? भरलेत तर जाहिराती बंद होतील. या प्रश्नाचे उत्तर हजारो घरांतून दररोज दिले जात आहे. तेव्हा ते विचारपूर्वक दिले जावे, हे उचित.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. स्पॉटिफाय ही स्वीडनमध्ये जन्मलेली कंपनी फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली तेव्हा तिची वर्गणी महिन्याला ११९ रुपये होती. म्हणजे वर्षाचे १,४२८ रुपये, बागेतील मजुराची सुमारे तीन-चार दिवसांची कमाई. त्यानंतर या धंद्यातील दर चढतच गेले. दुसऱ्या बाजूने फुकटचा दरवाजा हळूहळू अरुंद होत गेला. ‘गाना’ या देशी कंपनीने २०२२ मध्ये फुकट सेवा बंद केली. स्पॉटिफायने २०२३ च्या अखेरीस पैसे न भरणाऱ्या भारतीय श्रोत्यांच्या सवलतींवर कात्री चालविली. हवे ते गाणे हव्या त्या क्रमाने ऐकणे, ऐकलेला भाग मागे घेऊन पुन्हा ऐकणे या साध्या गोष्टीही वर्गणीदारासाठी राखीव झाल्या. आधी फुकटाची सवय लावायची आणि सवय जडली की दार लोटून घ्यायचे, ही बाजाराची जुनीच नीती आहे.

तरीही वर्गणी भरणाऱ्याला काहीच मिळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जाहिरातींचा जाच टळतो. गाणी मोबाइलमध्ये उतरवून ठेवता येतात. पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांत, जेथे मोबाइलची रेंज येते-जाते, तेथे ही सोय मोलाची आहे. दिवसाचे तीन-चार तास ज्याच्या कानांना गाण्याची सोबत लागते, त्याला रोजचे चार-पाच रुपये जड वाटणार नाहीत. प्रश्न एवढाच की, या पैशाच्या बदल्यात त्याला नेमके काय मिळते आणि तो पैसा नेमका कोठे जातो.

मिळते ते भाड्याने मिळते. १९८० च्या दशकात कॅसेटने गाणे गरिबाच्या घरात आणले. यात्रेतल्या दुकानातून देवीच्या गाण्यांची कॅसेट एकदा विकत घेतली की ती घेणाऱ्याची झाली. ती शेजारी फिरे, लग्नात वाजे, फीत गुंतली तर पेन्सिलीने गुंडाळून पुन्हा चालू केली जाई. आजच्या वर्गणीदाराने पाच वर्षे पैसे भरले आणि सहाव्या वर्षी हात आखडला, तर त्याच्यापाशी एकही गाणे उरत नाही. कंपनीच धंदा गुंडाळील तर पैसे भरण्याची तयारी असूनही उपयोग नाही. ‘रेसो’ ही सेवा जानेवारी २०२४ च्या अखेरीस भारतात बंद झाली. एअरटेलची ‘विंक’ ही सेवा देशातील मोठ्या सेवांपैकी एक होती. तीही त्याच वर्षी मालकाने बंद केली. वर्षानुवर्षे आवडीने जमविलेल्या याद्यांचे काय करायचे, हे ज्यांच्या त्या याद्या होत्या त्यांना कोणी विचारले नाही. भाडेकरूला विचारण्याचा प्रघात नसतो.

आणि तरीही या भाड्याला मराठीत ‘वर्गणी’ म्हटले जाते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. वर्गणी हा शब्द मराठी माणसाने गणेशोत्सवासाठी, गावच्या वाचनालयासाठी, साप्ताहिकासाठी, संघटनेसाठी वापरला. वर्गणी देणारा हा केवळ गिऱ्हाईक नसतो, त्या कार्याचा तो भागीदार असतो. म्हणून मंडळाचा जमाखर्च फलकावर लागतो, वाचनालयाची वार्षिक सभा भरते आणि कोणीही उठून विचारू शकतो की, बाबांनो, पैसे कशावर खर्च केलेत? वर्गणी या शब्दातच हिशेब मागण्याचा हक्क आहे. गाण्याच्या या नव्या वर्गणीत तो हक्क नाही, आणि तिचे खरे वैगुण्य तिच्या दरापेक्षा या गोष्टीत आहे.

हिशेब मांडूनच पाहावा. २०१९ च्या दरातील ११९ रुपयांतले सुमारे १८ रुपये वस्तू व सेवा करापोटी सरकारकडे जात. उरलेल्या सुमारे १०१ रुपयांतून ढोबळमानाने दोन-तृतीयांश हिस्सा गाण्यांच्या हक्कधारकांना जातो, असे कंपनी सांगते. श्रोत्याची समजूत अशी असते की, हे सत्तर-एक रुपये त्याने ज्यांची गाणी ऐकली त्यांच्यात वाटले जात असतील. प्रत्यक्षात तसे होत नाही. सर्व श्रोत्यांचा पैसा एका गल्ल्यात पडतो आणि एकूण जितक्या वेळा गाणी वाजली, त्या प्रमाणात तो गल्ला वाटला जातो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. दोनच वर्गणीदार आहेत असे समजा, आणि दोघांचे मिळून १४० रुपये वाटपासाठी आले आहेत. पहिला महिन्यात १०० वेळा गाणी ऐकतो आणि ती सर्व एकाच लोकगायकाची. दुसरा ९०० वेळा ऐकतो आणि ती सर्व चित्रपटातली. पहिल्याचे ७० रुपये लोकगायकाला जावेत, हा साधा न्याय झाला. परंतु एकूण १,००० पैकी लोकगायकाची गाणी १०० वेळाच वाजली, म्हणून त्याच्या वाट्याला १४ रुपये येतात. पहिल्या श्रोत्याचे उरलेले ५६ रुपये त्याने कधीही न ऐकलेल्या गाण्यांकडे जातात. निवडक आणि आस्थेने ऐकणाऱ्याचा पैसा दिवसभर यंत्र चालू ठेवणाऱ्याच्या आवडीमागे फरपटत जातो.

यात २०२४ पासून आणखी एक अट आली आहे. मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला स्पॉटिफाय काहीही मोबदला देत नाही. तो पैसा इतर गाण्यांकडे वळविला जातो. बोहाड्याच्या संबळाचे किंवा सुरगाण्याकडच्या पावरीचे ध्वनिमुद्रण कोणी हौसेने चढविले आणि ते वर्षभरात ८०० वेळा ऐकले गेले, तर त्याचे मोल शून्य. बाजारात थोडा माल आणणाऱ्याला तुझा काटाच करणार नाही, असे सांगण्यासारखे हे आहे.

दिंडोरीच्या शेतकऱ्याला हा प्रकार अनोळखी वाटू नये. कोळवण नदीवरील वाघाड धरणाच्या कालव्यांची कथा याहून फारशी वेगळी नव्हती. पाणी एकच, कालवा एकच. पण वरच्या अंगाचे शेतकरी भिजत आणि टेलच्या शेतकऱ्याचे रान कोरडे राही. १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने, टेलच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचे, मोजून वाटायचे आणि त्याची पट्टी भरायची, असे ठरले. पुढे साऱ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले, आणि महाराष्ट्राने या विचाराला २००५ च्या कायद्याने मान्यता दिली. तेथील शेतकऱ्याने पाणी फुकट मागितले नाही. त्याने पट्टी भरली, आणि पट्टी भरली म्हणून हिशेब मागितला. पैसे देण्याला विरोध आणि हिशेब न दाखविण्याला विरोध या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वाघाडने दाखवून दिले.

गाण्याच्या बाबतीतही असा विचार कोणी केलाच नाही, असे नाही. ज्याचा पैसा त्याच्या ऐकण्यामागे जावा, ही पद्धत ‘साउंडक्लाउड’ या सेवेने २०२१ मध्ये लहान कलाकारांसाठी सुरू केली. श्रोते आणि कलाकार हेच मालक असलेली ‘रेझोनेट’ नावाची सहकारी संस्था २०१५ मध्ये युरोपात निघाली. तिच्याकडे एक गाणे नऊ वेळा ऐकले की त्याची पूर्ण किंमत फिटे आणि ते श्रोत्याच्या मालकीचे होई. हा प्रयोग फार वाढला नाही, परंतु भाडे आणि मालकी यांची सांगड घालणे अशक्य नाही, एवढे त्याने सिद्ध केले.

मात्र वाटपाची पद्धत बदलली की लहान कलाकाराचे दैन्य संपेल, अशी आशा कोणी बाळगू नये. फ्रान्समधील राष्ट्रीय संगीत केंद्राने २०२१ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पद्धत बदलल्यास पहिल्या दहा हजारांबाहेरच्या कलाकाराला वर्षाकाठी सरासरी फार तर काही युरो अधिक मिळतील, असा त्याचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष कटू असला तरी टाळण्यात अर्थ नाही. गल्ला न्यायाने वाटला तरी तो असंख्य गाण्यांत वाटला जातो. भारतात तर पैसे भरणारे श्रोते एकूण श्रोत्यांच्या दशांशाहूनही कमी आहेत. म्हणजे गल्लाच लहान. यावर कोणी म्हणेल की, मग फुकट ऐकून कंपनीला धडा शिकवावा. पण जाहिरातींतून जमणारा पैसा वर्गणीहून कितीतरी तोकडा असल्याने फुकट ऐकणाऱ्याकडून कलाकाराला त्याहूनही कमी पोहोचते. हा धडा कंपनीऐवजी गाणाऱ्यालाच मिळतो.

गाण्याचा पोशिंदा केवळ बाजारच असू शकतो, हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे. माडगूळकर-फडके यांचे गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीने ५६ गीतांतून घरोघर पोहोचविले. ते घडविणारी संस्था सार्वजनिक होती. त्या काळी रेडिओचा परवाना डाकघरातून घ्यावा लागे आणि त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागे. तीही एक वर्गणीच होती, पण तिच्यातून शेतकऱ्यांचे, कामगारांचे, लोकसंगीताचे कार्यक्रम निघत आणि स्थानिक कलावंताला मानधन मिळे. आकाशवाणीची केंद्रे आजही मोबाइलवर विनामूल्य ऐकता येतात, हे पुष्कळ वर्गणीदारांच्या गावीही नसते. तिच्या ध्वनिसंग्रहातील लोकसंगीत खुले व्हावे आणि नव्या ध्वनिमुद्रणांसाठी तालुक्या-तालुक्यांतील कलावंतांना बोलावले जावे, ही मागणी लावून धरण्याजोगी आहे.

कायद्यानेही एक पाऊल पुढे टाकले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मोबदल्यातील समान वाटा त्यांच्याकडून लिहून काढून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. परंतु हा लाभ ज्यांची गाणी नोंदली गेली आणि मोजली गेली त्यांनाच. याच नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी येथे जन्मलेल्या वामनदादा कर्डकांची गाणी सभांतून, वस्त्यांतून, जयंतीच्या मिरवणुकांतून अर्धशतकाहून अधिक काळ गायली गेली आहेत. त्या गाण्यांनी माणसे उभी केली. ती किती वेळा गायली गेली, हे मोजणारे यंत्र तेव्हा नव्हते. आज यंत्र आहे, पण त्याच्या लेखी हजाराखालचा आकडा म्हणजे काहीच नाही.

तेव्हा वर्गणी भरावी की नाही? ज्याला रोज दीर्घ काळ गाणे लागते, जाहिराती नकोशा वाटतात आणि ज्याच्या घरखर्चाला ती रक्कम जड नाही, त्याने ती खुशाल भरावी. मात्र ते सोयीचे भाडे आहे हे ओळखून भरावी. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी ऐकणाऱ्याने भरण्याचे कारण नाही. त्याची गरज आकाशवाणी भागवू शकेल. जी गाणी जिवाभावाची, ती जेथे विकत मिळत असतील तेथून विकत घेऊन स्वतःपाशी ठेवावीत. आणि भाडे भरले म्हणजे गाणाऱ्याचे देणे फिटले, असे मात्र कोणीही समजू नये. ते देणे वेगळे आहे आणि ते फेडण्याची जागा जवळच आहे. गावच्या उत्सवात ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभारण्यावर जी रक्कम उडते, तिचा काही भाग संबळवाल्याला, भजनी मंडळाला, शाहिराला आगाऊ ठरवून दिलेल्या मानधनाच्या रूपाने गेला, तर वर्षभराच्या ऐकण्यातून पोहोचणार नाही इतके त्यांच्या हाती एका रात्रीत पोहोचेल.

उरला हिशेब. ज्या कंपन्यांना एखादे गाणे कोणी, कोठे आणि किती सेकंद ऐकले हे ठाऊक असते, त्यांना वर्गणीदाराच्या पैशांतून कोणाला किती गेले, हे वर्षातून एकदा त्याला कळविणे अवघड नाही. वर्षअखेरीस कोणते गाणे किती वेळा ऐकले याची रंगीबेरंगी यादी त्या श्रोत्याला पाठवितातच. त्या यादीत पैशाचा रकाना असावा, अशी मागणी ग्राहक संघटनांनी आणि कलावंतांच्या संस्थांनी मिळून केली पाहिजे, आणि शासनाने ती कायद्यात आणली पाहिजे. टेलला पाणी किती पोहोचले, हे मोजल्याखेरीज वाघाडच्या शेतकऱ्यांनी पट्टी भरली नव्हती.