शिगेचा चमचा

'अंदाजे' या शब्दावर माझा जुना राग आहे. हवामान खात्याचा अंदाज सोडा. तो चुकण्याची बीड जिल्ह्याला सवय आहे. मी बोलतोय ते बिअरच्या बाटलीत साखर टाकतानाच्या अंदाजाबद्दल.

दचकू नका! महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, आणि बँकेतल्या कारकुनाला नोकरी प्यारी असते. बनवतो तो माझा भाचा, अमेरिकेत. तिथं १९७८ च्या केंद्रीय कायद्यानं घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. परवा फोनवर म्हणाला, "मामा, पहिलीच खेप आहे. आंबवून झालीय. आता फेसासाठी बाटलीत साखर टाकून बूच लावतो."

"किती साखर?"

"अंदाजे चमचाभर. आजी कुठं मोजायची?"

अंदाजपंथीयांचं हे ब्रह्मास्त्र! अहो, आजीच्या अंदाजामागं पन्नास वर्षांचा सराव होता. शिवाय पिठलं घट्ट झालं तर पाणी घालता येतं. बूच लावलेल्या बाटलीत काय घालणार? आमच्या खातेवहीतसुद्धा चुकीची उलटी नोंद करता येते. बाटलीत ती सोय नाही. उरलेलं यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं. त्याला बाहेर वाट नसते, म्हणून तो बिअरमध्ये विरघळतो. पण साखर जास्त झाली की दाब वाढतो, बाटली फुटते आणि काच डोळ्यात जाते.

हिशेब तर चौथीतला. लिटरला साधारण ६ ग्रॅम साखर. २० लिटरला १२०. त्यात ६५० मिलिलिटरच्या तीसेक बाटल्या भरतात, म्हणजे बाटलीला ४ ग्रॅम. सपाट चमच्यात साधारण तेवढीच मावते. पण आमच्याकडचा माणूस शीग लावल्याशिवाय राहील? पाहुण्याच्या चहात शीग शोभते, बाटलीत नाही.

म्हणून भाच्याला बजावलं : हायड्रोमीटरचा आकडा सलग दोन-तीन दिवस हलला नाही, की मगच पुढं जा, नाहीतर आधीची साखरही बाटलीत गॅस करत बसेल. साखर काट्यावर तोल, थोड्या पाण्यात उकळ, गार कर आणि साऱ्या बिअरमध्ये एकदमच, हलक्या हातानं मिसळ. जाड काचेच्या बाटल्या घे आणि त्या दोनेक आठवडे खोक्यात झाकून ठेव.

"एवढ्याशा साखरेसाठी काटा?" असं हसणाऱ्यांनी दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यात यावं. गावंच्या गावं कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. मजुरी मिळते ती टनावर, काट्यावरच्या आकड्यानं. त्या माणसांना सांगून पाहा, "यंदा अंदाजे घ्या!"