विद्यार्थी आणि पाचवे शील

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाड शहरात आज महाविद्यालय आहे. शिरोळ तालुक्याच्या खेड्यापाड्यांतून, शेतमजुरांच्या व भूमिहीनांच्या घरांतून आलेली मुले-मुली तेथे शिकत आहेत. हे दृश्य आपोआप निर्माण झालेले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले आणि १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. येथून जवळच्या माणगावात २१ व २२ मार्च १९२० रोजी भरलेल्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांना समाजाचे पुढारी म्हणून गौरविले. त्यापुढील शंभर वर्षांच्या कष्टांतून महाविद्यालयातील ती बाके आपल्या वाट्याला आली आहेत. अशा बाकावर बसणारा तरुण शिष्यवृत्तीचा पैसा गुत्त्यावर, मटक्याच्या आकड्यावर अथवा मोबाइलवरील पत्त्यांच्या डावावर उधळू लागला, तर तो प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. म्हणून या विषयावर स्पष्टपणे लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी शेकडा १४.६, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी सुमारे पावणेसहा कोटींना मदतीची गरज आहे, असे त्या पाहणीत आढळले. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी अवघ्या एकास काही उपचार मिळाले होते. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात ५८ महाविद्यालयांतील साडेपाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची जुगाराविषयी पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. शेकडा १९.५ विद्यार्थी केव्हा ना केव्हा पैसे लावून खेळले होते आणि शेकडा ७.४ विद्यार्थ्यांचा जुगार व्यसनाच्या पायरीला पोहोचला होता. या दुसऱ्या गटात परीक्षेतील अपयश अधिक होते, अन्य व्यसने अधिक होती, मनाचा क्लेश अधिक होता आणि आत्महत्येचे विचारही अधिक होते. गोव्यातील पुरुषांच्या एका अभ्यासात असे दिसले की, पिढी जितकी धाकटी तितके कुमारवयात पिण्यास आरंभ करणाऱ्यांचे प्रमाण मोठे, आणि लवकर आरंभ करणाऱ्यास पुढे दारूची गुलामी जडण्याचा धोकाही मोठा.

हे आकडे वाचून काही मंडळी नेहमीचा सूर लावतील. दारू हा अमक्या वस्तीचा दोष आहे, शिकूनही यांची सवय जात नाही, असे ते म्हणतील. या निंदेला आमचे उत्तर साधे आहे. १६ कोटी लोक एका जातीचे नसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून आणि सांगलीजवळच्या कुपवाडातून मेफेड्रोन या अमली पदार्थाचे प्रचंड साठे पकडले. असला माल कारखान्यात तयार होतो व गोदामात साठवला जातो. तो काही मजुराच्या झोपडीत शिजत नाही. व्यसनाला जात नसते. मात्र व्यसनाचा फटका सर्वांना सारखा बसत नाही, हेही तितकेच खरे आहे. बागायतदाराच्या मुलाचे एक वर्ष वाया गेले तर त्याची जमीन शिल्लक राहते. घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलाचे वर्ष वाया गेले तर त्याच्या मागच्या बहिणीचेही शिक्षण थांबते. आमची चिंता या विषमतेमुळे आहे.

या प्रश्नाकडे बाबासाहेबांनी कसे पाहिले? डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्यास व मुलास जेवू घालू नका असे बजावले आणि त्याच भाषणात मुलांना शाळेत धाडण्यास सांगितले. दारू सोडणे आणि विद्या धरणे या त्यांच्या दृष्टीने एकाच कामाच्या दोन बाजू होत्या. पण हेच बाबासाहेब सरकारी दारूबंदीचे समर्थक नव्हते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदीवर कठोर टीका होती. बंदीमुळे सरकारचे उत्पन्न बुडते, चोरटी भट्टी घराघरांत शिरते आणि पूर्वी न पिणारी बायकामुलेही तिच्या कक्षेत येतात, असा त्या टीकेचा आशय होता. त्यानंतर पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांनी लाखोंना मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती कोठे आहे? पोलिसाच्या दंडुक्याने माणूस शीलवान होत नाही. तो स्वतःच्या निश्चयाने होतो, हाच दोन्हींचा अर्थ आहे. पाचव्या शीलात मद्य वर्ज्य सांगताना ते प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, स्थान असल्याचे कारण दिले आहे. ज्याला अजून लढायचे आहे, त्याला बेसावध राहणे परवडत नाही.

भगवान बुद्धांनी राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहस्थपुत्रास केलेला उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे. त्यात दारूचे सहा तोटे सांगितले आहेत: धनहानी, भांडण, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा व बुद्धिनाश. जुगाराचेही सहा सांगितले आहेत. जिंकणाऱ्याविषयी वैर उत्पन्न होते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, असलेले धन जाते, सभेत त्याच्या शब्दास किंमत राहत नाही, मित्र त्यास तुच्छ लेखतात आणि कोणी त्यास मुलगी देत नाही. या यादीत नरकाची भीती नाही. माणसाच्या बुद्धीला पटेल असा हा व्यवहाराचा हिशेब आहे आणि एर्नाकुलमच्या पाहणीने तो आजच्या विद्यार्थ्यांपुरता पडताळून दाखविला आहे.

जुगाराचे रूप मात्र पालटले आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर मुंबईत लागणारा आकडा १९६० नंतर मडक्यातील चिठ्ठ्यांवर लागू लागला व मटका हे नाव रूढ झाले. त्यासाठी निदान अड्ड्यावर जावे लागे, कोणी पाहील ही लाज असे. मोबाइलवरील खेळाने ती लाजही काढून टाकली. अंथरुणात पडल्या पडल्या फीचे पैसे हरता येऊ लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवरील ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. त्याचे आम्ही स्वागत करतो. पण मटक्याविरुद्धही कायदा होताच, हे विसरून चालणार नाही.

कायद्यांची तशी वाण नाही. महाराष्ट्रात २५ वर्षांखालील व्यक्तीस कडक मद्य व २१ वर्षांखालील व्यक्तीस सौम्य बिअरही विकता येत नाही. पदवीचा बहुतेक विद्यार्थी १८ ते २१ वर्षांचा असतो. म्हणजे त्याच्या हाती पडलेली जवळजवळ प्रत्येक बाटली बेकायदा विक्रीची असते. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मग गुटखा, मावा व बाटली विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते कशी? मुलाला दोष देण्यापूर्वी हा प्रश्न विकणाऱ्याला आणि त्याच्याकडे काणाडोळा करणाऱ्याला विचारला पाहिजे. एकंदर स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद राज्यात आहे. आमच्या भगिनींनी हा हक्क ओळखावा.

आता कर्तव्याविषयी. महाविद्यालयांनी व्यसनी विद्यार्थ्यास नाव काढून हाकलण्याचा सोपा मार्ग सोडावा. हाकललेला मुलगा व्यसनातून सुटत नाही, फक्त शिक्षणातून सुटतो. शिरोळ तालुक्यातील महाविद्यालयांनी शिवाजी विद्यापीठाच्या साह्याने विद्यार्थ्यांची निनावी पाहणी करावी व प्रत्येक ठिकाणी समुपदेशक नेमावा. त्यासाठी मोठे रुग्णालय लागते असे नाही. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत संवाद साधला. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी शेकडा ३६ जण त्या पिण्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा २६ होते. हे निष्कर्ष २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली उभारलेल्या मुक्तांगणाचा अनुभवही हेच सांगतो की, व्यसनी माणूस हा रोगी आहे, गुन्हेगार नव्हे. ज्यास कोणाजवळ बोलवत नाही, त्याच्यासाठी व्यसनमुक्तीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्याचा १४४१६ हे शासकीय दूरध्वनी आहेत.

शेवटी स्वतःच्या घराकडे वळू. सकाळी विहारात पंचशील म्हणावयाचे आणि सायंकाळी जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचावयाचे, ही बाबासाहेबांना वाहिलेली आदरांजली नव्हे. ज्या वर्गणीतून हे घडते, त्याच वर्गणीतून एका गरीब विद्यार्थ्याचे वर्षभराचे भोजन निघू शकते. जयंती मंडळांनी आपला हिशेब वस्तीसमोर वाचून दाखवावा आणि त्यात विद्यार्थ्यांसाठी किती खर्च झाला, तेही सांगावे.

विद्यार्थी बंधूंनो आणि भगिनींनो, आम्ही तुम्हांस उपदेशाचे डोस पाजू इच्छित नाही. तुमच्यापैकी कोणी या वाटेला लागला असेल तर त्याची निंदा करू नका. त्याच्या खोलीवर जा, त्याच्याजवळ बसा, त्यास वर्गात परत आणा. तुमच्या आजोबांना पाणवठ्यावर जाऊ दिले जात नव्हते. त्यांच्या नातवाने आपण होऊन गुत्त्याची वाट धरावी, यासाठी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला नव्हता.