१७ सीटची गाडी, १९ नावं

‘शनिवार पहाटे ५, शिवाजीनगर. जीवधन-नाणेघाट. कोण कोण?’ ग्रुपवर असा मेसेज टाकला की धडाधड अंगठे वर! आणि शुक्रवारी रात्री कुणाचं पोट बिघडतं, कुणाच्या बॉसला डेडलाइन आठवते. मागच्या पावसाळ्यात पायथ्याच्या घाटघरमध्ये मावशींना २० ताटं सांगितली आणि पोचलो १४. सहा जणांच्या भाकऱ्या टोपलीत तशाच. पैसे पुढे केले तर म्हणाल्या, ‘न खाल्ल्याचं काय घ्यायचं, दादा?’ जाम लाज वाटली.

म्हणून यंदा विमान कंपन्यांची आयडिया ढापली. ओव्हरबुकिंग! काही जण कल्टी मारणारच, हे धरून सीटपेक्षा जास्त तिकिटं विकायची. आमची गाडी १७ सीटर. प्रत्येक जण यायची शक्यता ८० टक्के धरली आणि कॉलेजात रट्टा मारलेलं बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन एक्सेलमध्ये टाकलं. २० नावं घेतली तर सरासरी १६ येतात, पण १७ च्या वर जायची शक्यता तब्बल २१ टक्के. १९ घेतली तर फक्त ८. एका नावाने एवढा फरक! १९ वर थांबलो.

आले १८.

गोची कुठे झाली? हे गणित धरून चालतं की प्रत्येक जण आपापलं ठरवतो. आमच्या यादीत एकाच फ्लॅटमधले पाच जण. आले तर पाच, नाहीतर शून्य. (विमानात लग्नाचं वऱ्हाड असलं की हेच.)

१८ वी होती ऑफिसात नवीनच आलेली मुलगी. पहिलाच ट्रेक, कोरे करकरीत शूज. ‘पण मी तर पावणेपाचलाच आले ना?’

विमानात आधी विचारतात, स्वखुशीने कोण थांबतंय? तरीही कुणाला जबरदस्तीने मागे ठेवलं, आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर डीजीसीएच्या २०१६ च्या नियमांत १० हजारांपर्यंत भरपाई होती. २४ तासांपेक्षा उशीर झाला तर २० हजारांपर्यंत. माझ्या खिशात ग्लुकोज बिस्किटं. गाडीत विचारलं, ‘कोण उतरतंय?’ सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

मग काय, मीच उतरलो. ड्रायव्हरकाकांना बजावलं, मावशींना फोन करा, १७ ताटं, नक्की.

दुपारी तिने नाणेघाटातल्या लेण्याचा फोटो पाठवला. तिथल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखात यज्ञात दान दिलेल्या गाईंचे, नाण्यांचे आकडे कोरलेत. खाली लिहिलं होतं, ‘यांनी नीट मोजलं होतं.’

आता यादीत त्या पाच जणांच्या नावापुढे मी एकच टिक करतो.