गाईचा ढेकर कंपनीच्या वहीत, खर्च मात्र आपल्या खात्यात

पोस्ट जरा लांब आहे, पण ज्यांच्या गोठ्यात एक तरी गाय आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

परवा सकाळी गावातल्या दूध संकलन केंद्रावर उभा होतो. फॅट 3.5, एसएनएफ 8.5 लागला की नाही, यावरून नेहमीचा वाद चाललेला. तेवढ्यात ओळखीच्या तात्यांनी विचारलं, "काय पत्रकार, गाईच्या ढेकरानं जग तापतं म्हणतात, खरं का खोटं?" सगळे हसले. मी म्हणालो, "खरंय तात्या. आणि त्या ढेकराचा हिशेब परदेशात लिहायला पण लागलेत." मग कोणी हसलं नाही.

विषय साधा आहे. मोठ्या कंपन्या आपल्या कार्बनचा हिशेब तीन खात्यांत मांडतात. पहिल्या खात्यात स्वतःचे बॉयलर आणि गाड्या. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. तिसऱ्यात बाकी सगळं, म्हणजे कच्चा माल पिकवणाऱ्यापासून गिऱ्हाइकापर्यंतची अख्खी साखळी. याला 'स्कोप थ्री' म्हणतात. दुधाच्या धंद्यात सगळ्यात मोठा आकडा या तिसऱ्या खात्यातच असतो. कारण गाय रवंथ करते तेव्हा मिथेन बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 27 पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबानं 80 पट.

आता याचा आपल्या जिल्ह्याशी संबंध काय? श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा दुधाचा व्यवसाय 2019 मध्ये फ्रान्सच्या लॅक्टॅलिस समूहाने सुमारे 1,700 कोटींना घेतला. जगातला हा सगळ्यात मोठा दूधसमूह. म्हणजे आपल्या तालुक्यातलं दूध तेव्हाच जागतिक साखळीत गेलं. पुढे डिसेंबर 2023 मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत डॅनोन, नेस्ले आणि याच समूहाची अमेरिकेतली शाखा अशा सहा कंपन्या एकत्र आल्या. पुरवठा साखळीतला मिथेन मोजू, जाहीर करू आणि कमी करण्याचा आराखडा देऊ, असं त्यांनी कबूल केलं. आपल्याकडची शाखा त्यात नाही, हे खरं. पण असली वही एकदा उघडली की ती एका देशात थांबत नाही.

लोखंडाचं बघा. युरोपने ऑक्टोबर 2023 पासून आयात होणाऱ्या पोलाद आणि ॲल्युमिनियमसोबत कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली आणि जानेवारी 2026 पासून त्यावर पैसे लावले. आज लोखंड आहे, उद्या दूध पावडरचा नंबर लागणारच नाही असं कोण सांगेल?

मोजायला माझा विरोध नाही. "आपण गरीब, आपलं कसलं प्रदूषण" हे म्हणणं सोपं आहे, पण ऊन वाढलं की पहिला मार आपल्यालाच बसतो. एचएफ गाय उन्हाळ्यात दूध कमी करते, हे कोणा शास्त्रज्ञानं सांगायला नको. 2019 च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातली जनावरं छावण्यांत होती, ते आपण विसरलो नाही.

माझा प्रश्न एवढाच आहे की खर्च कोण करणार? कार्बनच्या वहीत गाय कंपनीची आणि भाव ठरवताना गाय शेतकऱ्याची, हे कसं चालेल?

भावाचं रडगाणं तर जुनंच आहे. 1 जून 2017 ला पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला, दूध रस्त्यावर ओतलं गेलं. 2024 च्या जुलैमध्ये कोतूळला शेतकरी 40 रुपये भावासाठी धरणे धरून बसले. त्याच वर्षी सरकारने लिटरला 5 रुपये अनुदान दिलं. त्यासाठी गाईच्या कानात बिल्ला, आधार, बँक खातं, ऑनलाइन नोंद हे सगळं कोणी केलं? आपणच. एखादा आकडा चुकला तर पैसे कोणाचे अडकले? आपलेच. कार्बनची वही खाली आली तर हेच पुन्हा होणार.

मिथेन कमी करायचे मार्ग आहेत. संतुलित आहार, चांगला मुरघास, भाकड काळ कमी करणं, गोबरगॅस. एकाच गाईनं जास्त दूध दिलं की लिटरमागे मिथेन कमी होतो. पण पेंडीचा भाव बघा आणि दुधाचा भाव बघा. फुकटात हे होणार नाही.

म्हणून तीन गोष्टी आत्ताच मागून ठेवू या. एक, मिथेन कमी करायला सांगणाऱ्याने त्याचे पैसे दरपत्रकात वेगळ्या रकान्यात लिहून द्यावेत. दोन, गोठ्याची माहिती शेतकऱ्याच्या मालकीची राहावी, तिची प्रत त्याला मिळावी. तीन, मोजणी एकट्या कंपनीने करू नये, राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि सहकारी संघ त्यात हवेत. सेबीने मोठ्या कंपन्यांना पुरवठादारांची माहिती देणं 2025 मध्ये ऐच्छिक करून टाकलं. म्हणजे अजून थोडा वेळ आहे.

फॅटचं मशीन आलं तेव्हा आपण विचारलं नाही, ते कोण तपासणार म्हणून. त्याचा वाद अजून रोज सकाळी ऐकतो. निदान या वेळी मशीन यायच्या आधी विचारू.

तुमच्या डेअरीवर याबद्दल कोणी काही बोललंय का? खाली लिहा.