विम्याचे सच्छिद्र कवच

लक्ष्मणासाठी संजीवनी घेऊन निघालेल्या हनुमंताच्या हातातील पर्वताचा एक तुकडा उरणच्या किनाऱ्यावर पडला आणि तोच आजचा द्रोणागिरी, अशी या परिसराची लोकश्रद्धा आहे. त्या डोंगराचे नाव घेऊन सिडकोने उभारलेल्या द्रोणागिरी उपनगरात बंदर, कंटेनर यार्ड आणि गोदामांवर पोट असलेली अनेक कुटुंबे राहतात. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला, उरणपर्यंत लोकल धावू लागली. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मात्र येथील रुग्णाला बहुधा पनवेल, नेरुळ वा वाशी गाठावी लागते. 'मेडिक्लेम आहे' असे विश्वासाने सांगून दाखल झालेला गृहस्थ घरी परतताना बिलाचा मोठा हिस्सा स्वतःच्या खिशातून भरून येतो. असे का व्हावे?

याचे उत्तर पॉलिसीच्या बारीक अक्षरांत दडले आहे. समजा, विमा तीन लाखांचा आहे. अनेक पॉलिसींत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे येथे दिवसाला ३,००० रुपये असते. सामान्य कक्षात जागा नाही म्हणून ६,००० रुपयांची खोली घ्यावी लागली. पाच दिवसांचे भाडे ३० हजार, शस्त्रक्रियागृह, डॉक्टर व परिचर्या यांचे १ लाख २० हजार, औषधे, तपासण्या आदींचे ५० हजार. एकूण २ लाख. भाड्यातील फरक अवघा १५ हजारांचा. परंतु 'प्रमाणशीर कपाती'च्या अटीमुळे शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे शुल्कही निम्मेच मंजूर होते आणि आणखी ६० हजार रुपये रुग्णाच्या माथी बसतात. विमा असूनही ७५ हजारांचा भुर्दंड!

केवळ विमा कंपन्यांना दोष देऊन भागणार नाही. शल्यविशारद तोच, शस्त्रक्रिया तीच. तरीही रुग्ण कोणत्या खोलीत झोपतो यावरून अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रियेचे शुल्क बदलते. कंपनी त्याचा सूड कपातीने उगवते आणि दोघांच्या भांडणात भरडला जातो तो हप्ता भरणारा. विमा नियामक प्राधिकरणाने २०२०मध्ये औषधे, तपासण्या व प्रत्यारोपणाचे साहित्य यांवर अशी कपात करण्यास मनाई केली. जेथे खोलीनुसार दर बदलत नाहीत, तेथे ही कपातच लावता येत नाही, असेही स्पष्ट केले. रोगाचे मूळ कोठे आहे, हे यातूनच दिसते.

प्राधिकरणाच्याच आकडेवारीनुसार २०२३-२४मध्ये सुमारे १ लाख १७ हजार कोटी रुपयांच्या आरोग्य दाव्यांपैकी प्रत्यक्ष मिळाले सुमारे ८३ हजार कोटी. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील नागरिकांच्या खिशाचा वाटा २०१३-१४मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, ही समाधानाची बाब होय. सप्टेंबर २०२५मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला, हेही स्वागतार्हच. परंतु हप्ता स्वस्त झाल्याने बिल आवरत नाही.

बिल आवरण्याचा मार्ग आपल्याच राज्यात सिद्ध झालेला आहे. २०१२मध्ये जीवनदायी योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगडही होता. आजच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो आणि खासगी रुग्णालये तो मान्य करतात. या योजनेत जे शक्य आहे, ते खासगी विम्याचा हप्ता भरणाऱ्या मध्यमवर्गीयासाठी अशक्य का?

शुश्रूषागृहांनी दरपत्रक दर्शनी भागात लावावे, असे महाराष्ट्राच्या २०२१च्या नियमांत नमूद आहे. शासनाने त्यापुढे एक पाऊल टाकून उपचाराचे शुल्क खोलीच्या दर्जापासून कायमचे वेगळे करावे. भाडे खोलीचे घ्या, उपचाराचे मोल मात्र एकच असू द्या. तोवर नागरिकांनीही सावध राहावे. पॉलिसी घेताना खोलीभाड्याची अट वाचावी, दाखल होताना दरपत्रक मागावे, अन्यायकारक कपात झाल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जावे. गणेशोत्सव मंडळे व गृहनिर्माण संस्थांनी वर्षातून एक दिवस हे अर्ज भरून देण्यासाठी राखून ठेवला, तरी अनेक घरे कर्जापासून वाचतील. आजारपणात माणसाने देवाचा धावा करावा, सावकाराचा नव्हे.